मेणाचे बूट

गुरुवारी संध्याकाळी मॅग्नोलिया नाचघरात पाय ठेवायला जागा नसायची. गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या, न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या साऱ्या मोलकरणींना सुट्टी गुरुवारी संध्याकाळची, त्यामुळे ती वेळ त्यांची. पण तिथेही एक कोपरा होता, बँडच्या डाव्या हाताला. त्यात फक्त मुरलेल्यांनी नाचायचं. न बोलावता कोणी पाऊल टाकलं, की हसून हसून त्याला असं हाकलायचे, की पुन्हा तोंड दाखवायची सोय उरत नसे.

आर्लेटाचा सगळा जीव त्या कोपऱ्यात अडकला होता. वर्षभर ती त्याच्या कडेकडेने नाचत होती, का तर थॅडियसची नजर पडावी. हा थॅडियस दिवसभर हॉटेलात भांडी घासायचा, पण कोपऱ्यात राजा. त्याने बोट वाकवलं, की माणूस आत.

त्या गुरुवारी ती निघणार, तोच मालकीणबाईंनी दिवाणखान्याच्या लाकडी जमिनीला मेण घासायला लावलं. उशीर नको म्हणून ही शहाणी नाचाचे बूट घालूनच कामाला लागली.

"तुझ्या बुटांना कसला वास येतोय गं?" मैत्रीण ओडेलने नाचघराच्या दारात विचारलं.

"वास नंतर घे. आत चल आधी."

बँड रंगात आला. जोडीदाराने तिला गरकन फिरवून सोडलं आणि बाई जी घसरली, ती थेट कोपऱ्याच्या मधोमध, थॅडियसच्या पायाशी बसकण मारून.

"काय बाई, वाट चुकलात वाटतं?" थॅडियस म्हणाला. सगळा कोपरा खदखदून हसला.

आर्लेटाला रडू फुटत होतं. वर्षभराची आस मातीत गेली होती. मग तिला रागच आला. हसायचंच आहे ना, मग पोटभर हसा. ती उठली आणि मुद्दाम घसरली, गुडघे वाकवून, कंबर हलवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ढोलवाल्याने तो ताल अलगद उचलला. हसणाऱ्यांचे हात टाळ्यांना लागले.

दमून ती कोपऱ्याबाहेर निघाली, तेव्हा थॅडियसने बोट वाकवलं.

मग त्याने स्वतः घसरून पाहिलं. पाय जागचा हलेना.

"मला का जमत नाही हे?"

"तुम्ही कधी जमीन घासली नाहीत ना," आर्लेटा म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

पुढच्या गुरुवारी मालकीणबाईंच्या मागच्या दाराची कडी वाजली. आर्लेटाने दार उघडलं. नाचाचे बूट घालून थॅडियस उभा.

"घासायची आहे का एखादी खोली?" त्याने हळूच विचारलं.