माझा एकच खोटा आकडा

मित्रांनो, मी पाऱ्याचा एक जुना थर्मामीटर. माझी गोष्ट तुम्हाला ऐकावीशी वाटेल की नाही, कुणास ठाऊक. एका कारागिराने मला काचेतून घडवले, अंगावर रेघा कोरल्या. पुढे औषधांच्या दुकानातून मी पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याच्या घरी आलो.

त्याच्या पाठीच्या मणक्यांना सूज असे. सकाळी कणा लाकडासारखा ताठ. मागून हाक आली तर मान वळत नसे, सगळा माणूसच वळवावा लागे. त्यात रोगाशी लढायची अंगातली ताकद जन्मापासून तोकडी. साधी सर्दीही त्याला अंथरुणाला खिळवी. म्हणून येणारे-जाणारे थांबले. त्याच्या भल्यासाठीच थांबले, पण खोली रिकामी ती रिकामीच.

दर पंधरा दिवसांनी नर्सबाई पाठीच्या दुखण्यावरचे इंजेक्शन द्यायला येत. डॉक्टरांची ताकीद होती : ताप असेल तर इंजेक्शन नाही, थेट रुग्णालय. त्यामुळे त्या सकाळी माझा मान मोठा. "याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे त्याची थोरली बहीण म्हणे.

एकदा ताईची पाठ वळताच त्याने गार पाणी तोंडात धरले आणि हळूच गिळले. लगेच मी जिभेखाली गेलो. आकडा निघाला अगदी शहाण्यासारखा. मी ओरडणार कसा, मित्रांनो?

नर्सबाईंनी सुई काढली. ताईने त्याची बाही वर केली आणि तिचा हात दंडावरच थबकला.

"अरे, चटका बसतोय!"

"उन्हात बसलो होतो."

"कुठलं ऊन? आभाळ भरलंय सकाळपासून."

तिने मला त्याच्या काखेत ठेवले. एकशे दोन.

"ताप लपवलास? पाठ इतकी दुखतेय का रे?"

"ती काय, दुखतेच. पण इंजेक्शन टळलं की बाई दारातूनच परत जातात. पंधरा दिवसांत माझ्यापाशी टेकणारं तेवढं एकच माणूस."

"आणि मी काय भिंत आहे?"

"तू बहीण आहेस, ताई. तुला यावंच लागतं."

नर्सबाईंनी सुई ठेवून दिली, तोंडावरचा मास्क नीट केला आणि स्टूल ओढले. "रुग्णालयाची गाडी येईपर्यंत बसते," त्या म्हणाल्या.

तो वीस दिवस रुग्णालयात होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर परतला नसता, असे डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, आजाऱ्याचा ताप जरूर बघा, मला जपून झटका. सर्दी असेल तर आत जाऊ नका. पण खिडकीबाहेर उभे राहून दोन शब्द बोला. त्याला माणसाची किती वाट बघावी लागते, हे मला मोजता येत नाही.