होडीसाठी गाडा

इंदिराबाईंच्या माहेरची होडी हर्णैहून आगबोटीने मुंबईला आणि तिथून मालगाडीने लोणावळ्याला आली, पेंढ्यात गुंडाळलेली. वडील गेले, बंदरावरचं घर बंद करायचं ठरलं, तेव्हा इंदिराबाईंनी भावाकडे होडीशिवाय दुसरं काहीच मागितलं नव्हतं. घाटावर होडी घेऊन करणार काय, असं जो तो विचारी. त्यांचे यजमान श्रीपादराव शाळेत गणित शिकवायचे. त्यांना पाण्याची भीती वाटे, पण बायकोसाठी त्यांनी खटपट करून वळवणच्या तलावात होडी घालायची परवानगी मिळवली. अट एवढीच, की होडी तिथे ठेवायची नाही. संध्याकाळी घरी न्यायची.

पहिल्या रविवारी होडी बैलगाडीत दोन आडव्या फळ्यांवर ठेवून करकचून बांधली. खडीच्या रस्त्याने ती हादरत गेली. पाण्यात लोटून थोडा वेळ झाला नाही तोच इंदिराबाईंचे पाय भिजले. लाकूड सुकलंय, फुगलं की थांबेल, असं श्रीपादराव म्हणाले. पण सुकलेली होडी सगळ्याच सांध्यांतून पाझरते, हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. हे पाणी एकाच जागेतून येत होतं, गाडीतली मागची फळी होडीच्या पोटात रुतली होती तिथून. होडी काठाला ओढली. परतताना त्या घरापर्यंत गाडीमागून चालत आल्या.

मग श्रीपादरावांनी कुसगावच्या दत्तोबा सुतारांना बोलावलं. दत्तोबांनी चीर बुजवली आणि होडीसाठी खास लांब, बुटका गाडा करायला घेतला. श्रीपादरावांनी वेत वाकवून होडीच्या पोटाचा आकार काढून दिला. त्या आकाराचे लाकडी टेकू दोन्ही बाजूंना बसले, त्यांवर घोंगडीचे तुकडे ठोकले. अंगणात होडी त्यात ठेवली, तेव्हा दोघेही हरखून बघत उभे राहिले.

इंदिराबाईंनी वाकून पाहिलं. होडीचा तळचा कणा अधांतरी होता. सगळा भार दोन्ही कुशींवर आला होता.

एवढ्या हौसेने केलेल्या कामाला नावं कशी ठेवायची, म्हणून त्या क्षणभर थांबल्या. त्यांना हर्णैच्या समुद्रकाठची, पुळणीवरची सकाळ आठवली. वडील होडी वर ओढून घेत, कण्याखाली ओंडके सरकवत आणि बाजूला टेकू लावले की त्यांना हाक मारत. टेकू आणि होडी यांच्यामध्ये परकरी इंदूचा हात जायला हवा. हात अडकला, की टेकू सैल करायचा. तो खेळच आहे असं त्यांना तेव्हा वाटायचं.

"दत्तोबा," त्या म्हणाल्या, "होडी कण्यावर बसते. टेकूंनी तिला नुसतं कलंडू द्यायचं नाही."

दत्तोबांनी खाली बसून पाहिलं आणि मान हलवली. "म्हंजी म्या तिला काखंत धरून उचलल्यागत झालंया. लेकराला बुडाखाली हात लागतो, व्हय ना?"

इंदिराबाई हसल्या. होडी आल्यापासून पहिल्यांदाच.

दत्तोबांनी सागाची एक तुळई गाड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत घातली. टेकू खाली-वर करता यावेत म्हणून त्यांखाली पाचरी द्यायच्या, ही कल्पना श्रीपादरावांची. होडी तुळईवर टेकली. इंदिराबाईंनी एकेका टेकूपाशी हात घालून पाहिला आणि सांगतील तशा दत्तोबांनी पाचरी काढल्या.

पुढच्या रविवारी गाडा वळवणला पोचला. दोर सैलच ठेवले होते, तरी होडी हलली नव्हती. सुरुवातीला सांधे पाझरले; मग लाकूड फुगलं आणि तळ कोरडा राहिला. लग्नानंतर इंदिराबाईंनी वल्ही हातात धरली नव्हती. पहिले दोन-चार हात वाकडे गेले, मग अंग आपसूक तालात आलं. श्रीपादराव होडीचे दोन्ही काठ घट्ट धरून समोर बसले होते.

तलावाच्या मधोमध आल्यावर इंदिराबाईंनी वल्ही आत घेतली. राजमाचीकडून वारा येत होता, त्याला खारा वास नव्हता. वडील असते तर आता त्यांनी काय म्हटलं असतं, याचा त्या विचार करत राहिल्या. मग वाकून त्या ओंजळभर पाणी प्यायल्या. होडीत बसून पाणी पिता येतं, हे त्यांना नवीनच होतं.

"गोड आहे हो," त्या म्हणाल्या.

श्रीपादरावांनी जपून एक हात सोडला आणि पाण्यात बुडवला.