मयताच्या घरातली साखर

"आवो, उठा की आता. लाईट आली, मोटार कोण चालू करणार?" कुशाबाई नवऱ्याचा खांदा हलवत म्हणाली, आणि ओसरीवरच्या बायांनी पुन्हा गळा काढला.

सकाळी तिनं इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि तेवढ्यात तिचा नवरा दत्तोबा गोठ्याजवळ कोसळला, तो संपलाच. मग भाकरी राहिली ती राहिलीच. मयत उचलेपर्यंत चूल पेटत नाही, आणि शेळगावची लेक आल्याशिवाय मयत उचलायचं नव्हतं. कोऱ्हाळ्याच्या फाट्यावर एसटीचा पत्ता नव्हता. सुईला कुठलं आलंय सुतक? ती आपलं काम करतच होती.

सून स्वरूपा सकाळपासून पाहुण्यांना पाणी देऊन दमली होती. तिला रडायलाही सवड मिळाली नव्हती. सासूच्या कपाळावरचा घाम, लटपटणारे हात आणि हे भरकटलेलं बोलणं बायांना दुःख वाटत होतं. स्वरूपानं ओळखलं, साखर उतरली आहे. एरवी अशा वेळी दत्तोबाच बायकोला दम देऊन साखर चारायचा.

ती साखरपाणी घेऊन आली तशी कुशाबाईची थोरली जाऊ म्हाळसा म्हणाली, "अगं, मयत दारात हाय. आन् तू हिला गोड पाजतीस?"

"थोरल्या आत्याबाई, न्हाय पाजलं तर दुसरं मयत हुईल."

म्हाळसाचा जन्म रीतभात सांभाळण्यात गेलेला. तिला हे फार जड गेलं. पण ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि अंगणातल्या माणसांना दिसू नये म्हणून पदर पसरून आड उभी राहिली.

"पाज लवकर," ती म्हणाली.

कुशाबाईनं तोंड फिरवलं. "ह्येंनी चा घेतला न्हाय अजून. आदी त्येंला दे."

स्वरूपानं पेला तिच्या ओठांपाशी धरला. "मामांनी घेतला, आत्याबाई. आता तुमी घ्या."

मग मात्र कुशाबाई मुकाट्यानं प्यायली.

हळूहळू घाम सुकला, हात थांबले. नजर ठिकाणावर आली तशी ती नवऱ्याकडं बघायला लागली. त्याच्या नाकातला कापूस तिला आत्ता दिसला.

"कवा गेलं?" तिनं विचारलं.

स्वरूपानं सकाळी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. कुशाबाईनं पदराच्या टोकानं ओठ पुसले. कोरडे झाले तरी पुसत राहिली.