भिंतीकडे तोंड केलेला जबडा

"घरबसल्या शिकून राह्यली, शिकू द्या. कागद आला की भिंतीला टांगू. तिला जायचं कुठंय?"

गिरिजाबाई ओसरीवर बसून शेजारच्या उषाबाईंना हे म्हणाल्या. सून परसात आहे असं त्यांना वाटलं होतं. सून आत कणीक मळत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा मळू लागला. मी तिच्या मागच्या फळीवर होतो, मीही ऐकलं. माझ्यापासून कुणी काही लपवत नाही. मी नुसता जबडा आहे.

हो, जबडाच बोलतोय. गुलाबी प्लास्टिकच्या हिरड्या, पांढरेशुभ्र बत्तीस दात, मागे बिजागरी. बोलायला लागतं ते सगळं माझ्याकडे आहे, जीभ तेवढी नाही. आकांक्षाला जीभ आहे, पण लग्न होऊन या घरात आल्यापासून तीही फारशी वापरत नाही. म्हणून आमचं जमलं असावं.

मी कुठल्याशा कारखान्यात साच्यातून निघालो. दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणाऱ्यांसाठी एक अभ्यासक्रम आहे. घरी बसून शिकायचं. धडे मोबाइलवर, एक जाड पुस्तक, आणि सरावाला मी. कुरिअरवाला केदारखेड्यापर्यंत येत नाही, त्यानं मला राजूरच्या एका दुकानात टाकलं. तिथेच कामाला असलेल्या आकांक्षाच्या नवऱ्यानं, सोमेश्वरनं, मला तुरीच्या बियाण्याच्या पिशवीत घालून मोटारसायकलवरून घरी आणलं.

खोकं उघडल्यावर सासरे तातेराव चष्मा सावरत पुढे सरकले. त्यांच्या दाढा कधीच पडल्यात.

"कवळी मागवली का माझ्यासाठी? पोरगी गुणाची हाय बरं."

"दादा, ती शिकायची हाय," सोमेश्वर म्हणाला. "घालायची न्हाई."

"लावून तर बघू दे."

त्यांनी लावून बघितलं. मी बसलो नाही. पुढे बरेच दिवस ते माझ्याकडे, मापात चूक केलेल्या शिंप्याकडे बघावं तसे बघत होते.

गिरिजाबाईंनी मला मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं आणि माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. "जेवताना समोर हसून राह्यलंय मेलं!" तेव्हापासून या घराला मी पाठीनं, आवाजावरूनच ओळखतो.

दुपारी सासू-सासरे रानात आणि नवरा दुकानात असला की आकांक्षा मला खाली घ्यायची. चहाचा चमचा म्हणजे तोंडात घालायचा आरसा. सांडशी म्हणजे दाढ काढायची पक्कड. पुस्तकात लिहिलंय, डॉक्टर न बघता हात पुढे करतात, त्यात हवं ते अवजार आधीच असायला पाहिजे. इथे डॉक्टर नव्हते. ती हवेला सांडशी द्यायची आणि हवेकडून परत घ्यायची. मग पुस्तकातलं एक वाक्य मला हळूच म्हणून दाखवायची, "घाबरू नका. दुखलं तर डावा हात वर करा."

मला हात नाहीत. तरी ती थांबून बघायची.

लेखी परीक्षा ती पास झाली. आता राहिलं प्रत्यक्ष काम. तीन महिने दवाखान्यात उभं राहायचं, त्याशिवाय तिला कुणी कामाला ठेवणार नव्हतं. राजूरच्या डॉक्टरीणबाई सोमवारपासून ये म्हणाल्या. सोमेश्वरनं जेवताना विषय काढला.

"दुसऱ्याच्या तोंडातली थुंकी पुसायची?" गिरिजाबाईंनी भाकरी खाली ठेवली. "उष्ट्याचं काम हाय ते. आपल्यात बिलकुल चालायचं न्हाई."

सोमेश्वर ताटात बघू लागला. लग्नानंतर याच ताटात, तो जेवून उठल्यावर, गिरिजाबाईंनी आकांक्षाला जेवायला बसवलं होतं. रीत म्हणून, आकांक्षानंच एका दुपारी सांगितलेलं. ते उष्टं कसं चाललं, हे मी विचारलं असतं. पण तोंड भिंतीकडे होतं.

आकांक्षानं भांडी गोळा केली.

त्याच आठवड्यात गिरिजाबाईंची दाढ दुखायला लागली. त्यांनी आधी मिश्री दाबली, मग लवंग, मग कुणीतरी सांगितलं म्हणून हिंग. रविवारी गाल सुजून डोळा बारीक झाला. उषाबाई बघायला आल्या.

"कुठली हो दाढ?"

गिरिजाबाईंना बोलता येईना, आणि सुनेसमोर तोंड उघडायची लाज. त्या उठल्या, आत आल्या, फळीवरून मला उचललं, ओसरीवर नेलं आणि सगळ्यांसमोर माझ्या एका दाढेवर बोट टेकवलं. खालची, शेवटची.

"उद्या राजूरला न्या हिला, जल्दी," तातेराव म्हणाले.

"मला दुकानात सुट्टी न्हाई," सोमेश्वर म्हणाला.

"मंग सून हाय की," उषाबाई म्हणाल्या.

गिरिजाबाईंनी पदर तोंडावर घट्ट धरला.

मी आता त्यांच्या मांडीवर आहे. कितीतरी महिन्यांनी आकांक्षा सोडून बाकीची माणसं समोरून दिसतायत. पुन्हा फळीवर ठेवाल तेव्हा तोंड इकडेच असू द्या, माझं एवढंच मागणं आहे. मला राहिलेलं बघायचंय.

आकांक्षा उंबऱ्यात उभी आहे. हात पदराला पुसून ती बाहेर आली. शेवटचं वाक्य दुपारचंच, पण आवाज अख्ख्या ओसरीला पुरेल एवढा.

"आत्याबाई, उद्या माझ्यासंगं चला. तुम्हाला खुर्चीत मीच बसवते, तुमची थुंकी मीच पुसते. परवापासून मी एकटी जाईन, रोज. घाबरू नका. दुखलं तर डावा हात वर करा."