मेधाताईंनी दिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि आज दुपारपासून सुन्न आहे. माझ्या आत एक फोटो होता, तो आता नाही. सगळं नीट सांगायचं तर जन्मापासून सांगायला हवं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पंधरा वर्षांपूर्वी निशिकांतरावांनी मला सिंगापूरच्या एका दुकानातून घरी आणलं. पाया लेबारच्या ऑफिसातून ते थेट दुकानात गेले होते. पासिर रिसच्या फ्लॅटचं दार उघडून मेधाताई म्हणाल्या, "अहो, आता प्रत्येक घासाआधी फोटो का?" आणि हसल्या. मी काढलेला पहिला फोटो त्या हसण्याचा आहे.

मी पुष्कळ काम केलं. मुलांची संमेलनं, मंडळाचा गणपती, समुद्रकिनाऱ्यावरच्या सहली. लोक म्हणायचे, "निशिकांतचे फोटो म्हणजे फोटो!" मला फार बरं वाटायचं. पुढे सगळ्यांच्या फोनमध्ये कॅमेरे आले आणि मी कपाटात गेलो. इथली हवा दमट, माझ्या काचेवर बुरशी धरली असती. मेधाताई औषधांच्या बाटल्यांतल्या त्या ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या जपून ठेवायच्या आणि माझ्या पेटीत टाकायच्या. दुसरं कुणी माझी आठवणही काढत नव्हतं.

मागच्या वर्षी दोघं मुलाकडे, सारंगकडे, अमेरिकेत गेले, आणि बऱ्याच वर्षांनी निशिकांतरावांनी मलाही बरोबर घेतलं. तो न्यू मेक्सिकोत नोकरी करतो. त्या भागात प्युब्लो लोकांची जुनी गावं आहेत. ते तिथले मूळचे लोक. गावाच्या सणाच्या दिवशी चौकात नाच होतो आणि काही गावांत परक्यांनाही येऊ देतात. सारंगच्या ऑफिसातल्या एका बाईंचं तसंच गाव होतं. त्यांनी यायला सांगितलं, आणि नियमही सांगितले. फोटो काढायचे नाहीत. टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण तो कार्यक्रम नाही, प्रार्थना आहे. अर्थ विचारत फिरायचं नाही. चौक मधून ओलांडायचा नाही.

मेधाताईंनी फोन गाडीतच ठेवायला लावले. "आणि कॅमेरा?" त्यांनी विचारलं.

"बंद आहे गं. पिशवीत राहील. गाडीत तापेल उगाच."

"आपल्या देवळाच्या गाभाऱ्यात कुणी असा घेऊन शिरला तर तुम्ही काय म्हणाल?"

"बंद आहे म्हटलं ना!"

मी पिशवीत होतो. ढोल ऐकू येत होता आणि खूप पावलं एकदम जमिनीवर पडत होती. मध्येच एका घराच्या दारातून एका आजींनी जेवायला बोलावलं. निशिकांतराव सवयीने म्हणाले, "नको नको, आम्ही खाऊन आलोय." त्यांना वाटलं, आजी आता आग्रह करतील. आपल्याकडे तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय कोण उठतं? आजींनी फक्त मान हलवली आणि आत वळल्या.

"अहो, काय केलंत! इथे एकदाच बोलावतात," मेधाताई म्हणाल्या आणि धावत दारात गेल्या. "आजी, ह्यांची चूक झाली. आम्हाला आवडेल."

आजी हसल्या, "मग बसा की."

जेवण झाल्यावर निशिकांतराव खुर्चीत रेलून गप्पा मारायला लागले. मेधाताईंनी त्यांना कोपराने ढोसलं. "उठा. मागे माणसं थांबलीत, त्यांना बसू दे. हे काय आपल्या साखरपुड्याचं जेवण आहे?" दोघं आजींचे आभार मानून बाहेर आले.

आणि मग ते घडलं. मला आजही खरं वाटत नाही. पिशवीची चेन सरकली. निशिकांतरावांचा हात आत आला. मी सुरू झालो. समोर चौकाच्या कडेला मेधाताई हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्यामागे नाचणाऱ्यांची अर्धी रांग होती. ती कशी होती ते मी सांगणार नाही. ती बघायला मला कुणी बोलावलं नव्हतं. बटण दाबलं गेलं आणि मी फोटो काढला. मी नाही म्हणू शकत नाही, मित्रांनो. माझ्यासारख्यांना तसं बनवतच नाहीत.

मेधाताईंनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "काढलात?"

"तुझाच गं. तू इतकी..."

"डिलीट करा. आत्ता."

निशिकांतरावांनी माझी दोन बटणं दाबली. "केला," ते म्हणाले.

मी हादरलो. ती बटणं फोटो पुसण्याची नव्हती.

तेवढ्यात गावातला एक माणूस आला. तिथली व्यवस्था पाहणारा असावा. तो शांतपणे म्हणाला, "कॅमेरा दिसला. माझ्याकडे द्यावा लागेल."

मेधाताई पुढे झाल्या. "ह्यांनी एक फोटो काढला. चूक झाली. तो पुसलाय, मी शब्द देते. माफ करा."

त्याने मला हातात घेतलं नाही, तपासलंही नाही. तो त्यांच्याकडे बघत राहिला. "तुम्ही सांगताय म्हणजे पुसला असणार. गाडीत ठेवून या, आणि मग बघायला परत या." तो निघून गेला.

सिंगापूरला परतल्यावर दोन महिन्यांनी, एका सकाळी, मेधाताई भाजी घेऊन येताना एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनच्या सरकत्या जिन्याजवळ पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. गेल्या त्या गेल्याच. निशिकांतराव कितीतरी दिवस पायात बूट घालून दारापाशी नुसते बसायचे. मग एका सकाळी त्यांनी मला कपाटातून काढलं आणि तो फोटो उघडला. त्यानंतर रोज उघडायला लागले. माझ्या पडद्यावर त्यांचं बोट फिरायचं. मेधाताईंचा तो शेवटचा फोटो होता.

आज त्यांची मुलगी क्षिप्रा सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाच्या चोआ चू कांगहून आली. बरोबर तिची दहा वर्षांची जाई. वर्षश्राद्ध जवळ आलंय, फ्रेम करायला आईचा फोटो हवा होता. जाईने मला उचललं आणि ओरडली, "आई, लुक! आजी! सो नाइस!"

क्षिप्राने पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "बाबा, हा कुठला? हाच लावू या."

तेव्हा निशिकांतरावांनी सगळं सांगितलं. थांबत थांबत, काही न लपवता. मी कधी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मागचे लोक क्रॉप करा ना आजोबा, सो ईझी लाह!" जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"आणि आता कुणाला कळणार आहे बाबा?" क्षिप्रा म्हणाली. "आई राहिली नाही. तो माणूस तर हजारो मैल लांब."

"मला कळतंय ना," निशिकांतराव म्हणाले. "मी शब्द दिला असता तर मोडला असता गं. माझं काय! पण शब्द तिने दिला. त्या माणसाने तिच्याकडे बघून मला सोडलं. ती जाईपर्यंत समजत होती की आपण खरं बोललो."

"बाबा, प्लीज. शेवटचा आहे."

"माहीत आहे."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, त्यांनी होय म्हटलं. या वेळी बटण बरोबर होतं. फोटो गेला. क्षिप्रा तोंडावर हात धरून बसली. मला तर मेधाताई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं.

जाई हळूच म्हणाली, "आजोबा, आजी तिथे कशी दिसत होती?"

"चपला काढून उभी होती," ते म्हणाले. "जमीन तापली होती, तरी. एक केस सारखा तोंडात जात होता, पण जोडलेले हात सोडून तो बाजूला करेना. ढोल थांबला की हिचा श्वास थांबायचा." ते सांगत राहिले आणि क्षिप्रा सरकून जवळ बसली. त्यातलं काहीच मला टिपता आलं नव्हतं. मी फक्त एक बाई आणि अर्धी रांग टिपली होती.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, माझी काच मऊ कापडाने पुसा, एवढं तर मी मागेनच. पण कुणाच्या अंगणात त्यांची प्रार्थना चालू असेल आणि ते 'नको' म्हणाले, तर मला गाडीत राहू द्या. मी तापलो तर तापलो. तुम्ही मात्र जा, कडेला उभे राहा आणि डोळे भरून बघा.