दुधाचे बोट

मी एक जुने धनुष्य आहे. अल्ताईच्या पायथ्याशी, खोब्द नदीकाठच्या एका तंबूत, लोकर थापून केलेल्या नमद्याच्या, मी टांगलेला असतो. माझी दोरी काढलेली आहे, त्यामुळे मी अंगाचे मुटकुळे करून निजलेल्या कुत्र्यासारखा दिसतो. हसू नका, मित्रांनो. दोरी उतरवलेले शिंगाचे धनुष्य असेच दिसते, आणि असेच दिसले पाहिजे. मला सांगायचे आहे ते या दोरीबद्दलच. माझ्यामुळे एका निरपराध बाईच्या हाताला दीड वर्ष बोल लागला. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मला तोंड कुठे आहे?

मला नदीकाठचे म्हातारे कारागीर राग्चा आजोबा यांनी घडवले. त्यांना दोन वर्षे लागली. मधे भूर्जाचे लाकूड, पोटाला रानबकऱ्याचे शिंग, पाठीला हरणाच्या स्नायूंची तात आणि हे सगळे एकत्र धरून ठेवायला माशाचा सरस. वरून भूर्जाची साल. सरस हा आमचा जीव. तो ओलीला भितो, फार आचेला भितो आणि सतत ताणून ठेवले की थकतो. मला योंदोन नावाच्या तरुण शिकाऱ्याच्या हाती देताना आजोबांनी त्याला बजावले.

“शेकल्याशिवाय ह्याला दोरी चढवायची नाही. आणि संध्याकाळी दोरी उतरवल्याशिवाय निजायचं नाही. नाहीतर तू घोरशील आणि हे बिचारं जागं राहील. रात्रभर जागलेल्या बायकोसमोर सकाळी कधी उभा राहिलायस?”

“माझं लग्न व्हायचंय अजून, आजोबा.”

“मग आधी ह्याच्यावर शीक.”

योंदोन शिकला. अकरा वर्षे त्याने माझी उत्तम निगा राखली. डोंगरातून आला की स्वतःच्या बुटांतला बर्फ झाडण्याआधी तो माझी दोरी उतरवी. कोरड्या फडक्याने मला पुसी, माझा एखादा हात, म्हणजे मुठीच्या वरची किंवा खालची बाजू, जरा पिळवटलेला वाटला तर उबेला धरून हळूहळू सरळ करी आणि मग मला चुलीवरच्या वाफेपासून दूर टांगी. मीही त्याला कधी दगा दिला नाही. लोक मला हातात घेऊन बघत, वाखाणत. मी फुशारून जाई, कबूल करतो.

याच वर्षांत नोर्जिन योंदोनची बायको होऊन घरात आली. आमच्याकडे नव्या गोष्टीचे स्वागत दुधाने करतात. अनामिका दुधात बुडवायची आणि टेकवायची: तंबूच्या चौकटीला, नव्या खोगिराला, तान्ह्या बाळाच्या कपाळाला. नोर्जिन दर वसंतात पहिल्या दुधाचे बोट माझ्या वरच्या टोकाला लावी. तिचा हात गुणाचा, असे नदीकाठच्या सगळ्या बायका म्हणत. कुणाच्या घोडीला शिंगरू झाले की बोलावणे तिलाच येई.

मग तो वाईट हिवाळा आला. बर्फ वितळले, पुन्हा गोठले आणि गवत त्याच्याखाली काचेसारखे बंद झाले. मेंढ्या उभ्या-उभ्या मेल्या. एक गाय तेवढी वाचली. जनावरेच नाहीत तर शेण कुठून येणार? गोवऱ्या संपत आल्या. नोर्जिनला सातवा महिना होता.

आजोबांची शिकवण काय होती? आधी शेकायचे, मग दोरी चढवायची. पण मला शेकायला रोज चार-पाच गोवऱ्या लागत. योंदोनने उरलेला ढीग पाहिला, बायकोच्या सुजलेल्या पायांकडे पाहिले आणि त्या संध्याकाळी माझी दोरी उतरवलीच नाही. म्हणजे सकाळी शेकायला नको. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दोरी चढवलेल्या स्थितीतच मला तो नमद्यात गुंडाळून ठेवी, म्हणून नोर्जिनला कळले नाही. मी ताठ जागा राहिलो. आठव्या दिवशी माझ्या खालच्या हातात आतल्या आत काहीतरी सुटले.

नवव्या दिवशी योंदोन पुन्हा रिकाम्या हाताने आला. एक बाण चुकला होता.

“रुसलंय ते,” नोर्जिन म्हणाली. “यंदा त्याला दुधाचं बोट लागलंच नाही.”

“गाईला दूध कुठाय?”

“वाटीच्या तळाला आहे. तेवढं पुरे.”

तिने नमद्याचे एक टोक बोटभरच बाजूला सारले, अनामिका बुडवली आणि माझ्या वरच्या टोकाला लावली. थेंबभर दूध. तिच्या स्वतःच्या तोंडचे दूध होते ते.

दहाव्या दिवशी सकाळी रानबकरा चाळीस पावलांवर उभा होता. योंदोनने मला ओढले. मी सगळा जीव एकवटला, मित्रांनो, पण माझा खालचा हात पिळवटला, दोरी खाचेतून निसटली आणि मी उलटा फिरून त्याच्या डाव्या मनगटावर बसलो. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

मनगट वाकडेच जुळले. नोर्जिनच्या माहेरून दोन शेळ्या आल्या, म्हणून माणसे जगली. पण त्या दिवशी दुखण्याने कळवळत असताना योंदोन बोलून गेला, “तू दूध लावलंस. ओलीनं सरस सुटला.”

नोर्जिनने ते खरे मानले. योंदोनने ते वाक्य नंतर कधी मागे घेतले नाही. बहुधा शरम वाटत असावी. शरम एकदा मुरली की तिला खोटे बोलावेच लागत नाही, नुसते गप्प राहिले तरी भागते. याचा मला फार राग येई.

मला पेटाऱ्यामागे कोंबले. उंदरांनी माझी साल कुरतडली, त्याचे एवढे नाही. उन्हाळ्यात मुलगी झाली, सेवजिद. पेटाऱ्यामागून मी ऐकत होतो. सुईण म्हणाली, “लाव दूध कपाळाला.” नोर्जिन म्हणाली, “माझा हात नको. तुम्हीच लावा.” त्यानंतर तिने कशालाच दुधाचे बोट लावले नाही. गोष्ट नदीकाठी पसरली आणि शिंगरांची बोलावणीही बंद झाली.

पुढच्या वर्षीच्या शरदात सेवजिदचे जावळ काढायचे ठरले. पहिली बट कापायला राग्चा आजोबांना आणले. ते आता काठी टेकत चालत, पण जीभ तशीच होती. बसल्या-बसल्या त्यांनी पाहिले, दुधाची वाटी शेजारणीच्या हातात.

“सूनबाई, आई तू का ती?”

“माझा हात चांगला नाही, आजोबा. तुमचं धनुष्य माझ्या दुधानं मोडलं.”

आजोबांनी कात्री खाली ठेवली. “आणा ते इकडे.”

योंदोनने मला काढून दिले. आजोबांनी माझ्यावरून हात फिरवला, सुरी घेतली आणि माझी साल वरपासून खालपर्यंत उकलली.

“दूध कुठं लावलंस?”

“इथं. टोकाला.”

“इथं तर सरस दगडासारखा आहे. सुटलाय खाली, पार दुसऱ्या हाताला. आणि ही तात बघ, ओलीनं फुगलेली नाही, ओढून-ओढून दमलेली आहे.” त्यांनी मान वर केली. “पोरा, किती दिवस दोरी उतरवली नव्हतीस?”

योंदोन आपल्या वाकड्या मनगटाकडे पाहत राहिला. मला वाटले, हा आताही गप्प बसणार.

“दहा,” तो म्हणाला. “गोवऱ्या संपत होत्या. मला वाटलं, तिला ऊब राहील.”

“ऊब?” नोर्जिनचा आवाज अगदी हळू होता. “दीड वर्ष मी माझ्या पोरीच्या कपाळाला बोट लावायला भ्याले.”

नोर्जिन उठली. शेजारणीच्या हातून वाटी घेतली, अनामिका बुडवली, पण बोट सेवजिदच्या कपाळाजवळ नेऊन मागे घेतले, दूध तिच्या बाहीवर सांडले. सेवजिदला वाटले खेळ चालला आहे. तिने आईचे बोट धरले आणि स्वतःच आपल्या कपाळावर ओढून घेतले. आजोबांनी पहिली बट कापली.

त्यानंतर कितीतरी दिवस नोर्जिन योंदोनशी कामापुरतेच बोले. ते बरोबरच होते, असे मला वाटे.

माझा खालचा हात पुन्हा जोडता आला नाही. मी आता बाण सोडत नाही, नुसता पुन्हा जुन्या जागी टांगलेला असतो. पण मित्रांनो, तुमच्यापाशी जे काही ताणून राबते, त्याची दोरी संध्याकाळी उतरवत जा. आणि ती उतरवायला विसरलात, तर तसे लगेच सांगून टाका. ते ओझे दुसऱ्याच्या हातावर ठेवू नका.

योंदोन आता रोज संध्याकाळी माझ्याजवळ येतो आणि माझ्या दोन्ही टोकांवरून बोटे फिरवून दोरी उतरवलेली आहे ना ते बघतो. माझ्यावर दोरी नाहीच, हे त्यालाही ठाऊक आहे. तरी बघतो. नोर्जिन चुलीपाशी बसून त्याच्याकडे पाहत असे आणि काही बोलत नसे. काल मात्र बोलली.

“उतरलीय हो,” ती म्हणाली. “या आता जेवायला.”