दहा दिवस जगवायचा कुत्रा

मनकर्णाला कुत्रा मंगळवारी सकाळी चावला. गाव चावायला लागलं ते त्याच दिवशी संध्याकाळपासून.

पौषातली सकाळ. वैनगंगेवरून उठलेलं धुकं धानाच्या बांध्यांमध्ये बसून होतं आणि लाखोळीच्या पाल्यावर दव इतकं की लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं व्हायचं. मनकर्णा टोपली घेऊन खळ्यावर निघाली होती. दीड एकराचं धान कापून पुंजण्यात रचलेलं, ते अजून बैलांच्या पायांखाली चुरायचं होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पोर ना बाळ. पण बाई अशी, की ती येताना दिसली की चावडीवरचा माणूस पाय आवरून बसायचा. लटारूभाऊच्या घरासमोरून ती चालली आणि त्याचा भुऱ्या आला. भुंकला नाही की गुरगुरला नाही. सरळ आला, डाव्या पोटरीचा लचका धरला आणि सोडेचना. मनकर्णाने टोपली त्याच्या डोक्यावर फोडली तेव्हा कुठे जबडा उघडला.

हा भुऱ्या गावातला नावाजलेला शिकारी कुत्रा. डुकराच्या हाकाऱ्यात सगळ्यांच्या पुढे. पंधरा दिवसांपूर्वी नाल्यात एका कोल्ह्याशी झोंबला होता. कोल्हा कसा होता, भरदिवसा गावाजवळ का आला होता, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. आता मात्र सगळ्यांना एकदम आठवलं.

शेजारची गुणाबाई ढिवरीण, मासे विकून विकून आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. तिने जखम पाहिली, चूल तशीच टाकली, दीराची बंडी जुंपायला लावली आणि मनकर्णाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. अकरा मैल. वाटेत मनकर्णा एकच बोलली, "मायं धान कोण चुरन वो?" गुणाबाई म्हणाली, "मेली त धानाले काय करशीन? चूप बस."

डाक्तर तरुण होता, सर्दीने नाक लाल झालेलं. त्याने जखम साबणाने इतकी धुतली की मनकर्णाने त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग तो म्हणाला, "बाई, पायाला चावला आहे, तोंडाला नाही, म्हणून थोडा वेळ आहे. सुया इथे नाहीत, चांद्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात आहेत. चौदा, पोटात. पण आधी एक करा. तो कुत्रा बांधून ठेवा. दहा दिवस. दहा दिवसांनी तो खात-पीत असेल तर तुम्हाला काही झालेलं नाही, घरी बसा. मधेच पिसाळला किंवा मेला, तर चांदा गाठा. एक दिवस वाया घालवू नका."

"आन् नाई गेली त?" मनकर्णाने विचारलं.

डाक्तर टाक पुसत बसला. मग म्हणाला, "मारू देऊ नका त्याला. मेलेला कुत्रा काही सांगत नाही."

परतल्या तेव्हा दिवस बुडायला आला होता. लटारूभाऊच्या अंगणात गाव जमलं होतं. भुऱ्या कडुनिंबाला आवळून बांधलेला, तिघांच्या हातात काठ्या, लटारूभाऊच्या हातात कुऱ्हाड. लटारूभाऊ म्हणजे ग्रामपंचायतीचा सरपंच. मालगुजारी गेली पण मालगुजाराच्या दिवाणजीची ताठ मान गेली नव्हती, ती याच्या खांद्यावर होती. आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसाला गावात कोणी ओरडून बोलत नाही, आणि त्याचं सगळं तिथेच फावतं.

"ये वो मनकर्णा," तो म्हणाला. "तुयीच वाट पाहून राह्यलो. तुया डोळ्यासमोर मारतो याले. कुत्रा मेला की विख उतरते. जोवर हा जित्ता, तोवर तुया अंगात चढत जाईन."

ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हती. अख्ख्या पट्टीची होती. कुत्रा चावला की कुत्रा मारायचा, मेल्या कुत्र्याबरोबर विष खाली बसतं. अशा रीतीने किती माणसं घरच्या खाटेवर दोराने बांधून मेली याची याद कोणी ठेवली नाही. मेलेल्याच्या तोंडाला राख फासली की प्रकरण संपतं.

मनकर्णा लंगडत कुत्र्याच्या आणि कुऱ्हाडीच्या मधे जाऊन उभी राहिली. भुऱ्या तिच्या पाठीशी दात काढून गुरगुरत होता.

"हा कुत्रा दहा दिवस जगला पायजे," ती म्हणाली. "डाक्तरनं सांगतलं. हा जगला त मी जगली."

"कुत्र्यानं बाईचं डोस्कं खाल्लं!" कोणीतरी हसलं.

"पिसाळली, पिसाळली! कुत्र्याची बाजू घेऊन राह्यली पाह्य!"

"लटारूभाऊ," मनकर्णा म्हणाली, "चावला मले. पोटरी मायी. जीव माया. तुले काऊन घाई?"

"गावाचा विचार करा लागते, बाई. उद्या पोरायले चावला त?"

"बांधून ठेवतो मी. माया घरी."

गर्दीच्या मागून सुकरी आली. सुकरी पलीकडच्या जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची गोंडीण. बाजाराला आवळे घेऊन आली होती आणि परत जाता जाता हे ऐकून थांबली होती. पाच हिवाळे मनकर्णा आणि ती बांबूतोडीच्या कुपात एका टोळीत काम करत आल्या, एका चुलीवर शिजवत आल्या. सुकरी बोलत नाही, करते. तिने कुंपणातला एक जाड बांबू तोडला, कोयत्याने गाठी फोडल्या आणि त्या पोकळ नळीतून दोर ओवून पुढे फास काढला. फास भुऱ्याच्या गळ्यात गेला, नळी मधे ताठ राहिली. आता कुत्र्याला दोर चावता येईना आणि धरणाऱ्याच्या अंगावरही येता येईना. जंगलात अस्वलाचं पिल्लू असंच नेतात.

"चाल," सुकरी म्हणाली.

भुऱ्या लटारूभाऊच्या अंगणातून मनकर्णाच्या अंगणात गेला. कुऱ्हाड घेऊन कोणी पुढे आलं नाही, कारण गुणाबाईने तोवर तिघांच्या आयांची नावं मोठ्याने घ्यायला सुरुवात केली होती.

गावाने मग आपल्या पद्धतीने सूड घेतला. सकाळी मनकर्णा शेजारी विस्तव मागायला गेली तर शकुबाईने दार लावलं. विहिरीवर ती पोचली की बाया घागरी उचलून सरकायच्या, ती गेली की तिच्या उभं राहण्याच्या जागी राख टाकायच्या. धान चुरायला यंदा एकमेकींकडे जायचं ठरलं होतं. मनकर्णा चार खळ्यांवर राबून आली होती. तिची पाळी आली तेव्हा एकीची कंबर दुखत होती, एकीचा भाऊ येणार होता आणि तिसरीने खरं सांगितलं, "नवरा म्हणते, तिच्या तणशीवर बसू नोको, लाळ लागन."

"माया हाताचं चुरलेलं धान खाते ना थो नवरा?" मनकर्णाने विचारलं. "का त्याले लाळ नाई लागली?"

सुकरी टोल्यावरून तीन जोड्या बैल घेऊन आली. गुणाबाईने जाळं खुंटीला टांगलं आणि बैलांमागे, त्यांना हाकत दिवसभर खळ्यात गोल गोल फिरली. ढिवरांच्या बाईने बैल हाकावे हे पाहायला अर्धं गाव कुंपणावर आलं. मदतीला एक आला नाही. थंडीने टाचा फाटलेल्या, धानाची कुसं भेगांत घुसत होती, आणि मनकर्णा तापाने लाल डोळ्यांनी पुंजणं सोडत होती. ताप जखमेचा होता. पण डोळे लाल म्हटल्यावर गावाला दुसरं काय पाहिजे?

कुत्र्याची ती सेवा करत होती असं मात्र समजू नका. तिला त्याचा रागच होता. सकाळी भाताची मडकी त्याच्यापुढे काठीने ढकलायची आणि म्हणायची, "गिळ, हरामखोरा. गिळ न् जग." तो खायचा. हाडं फोडायचा, उन्हात पाय ताणून निजायचा. पाहुण्यावर भुंकायचा. चौथ्या दिवशी त्याने शेपूट हलवली तेव्हा मनकर्णाने त्याला दगड मारला. पाचव्या दिवशी थंडी फार पडली, तेव्हा त्याच्या अंगावर जुनं पोतं टाकलं. टाकून झाल्यावर आजूबाजूला पाहिलं, कोणी पाहिलं तर नाही.

"चांगला हाय," सातव्या दिवशी सुकरी म्हणाली. "डोळा साफ हाय. पिसाळलेलं जनावर इतके दिवस असं खात नाई."

"दहा होऊ दे," मनकर्णा म्हणाली. पण त्या दिवशी तिने पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

आठव्या दिवशी तिघी खळ्यावर उपणत होत्या. वारा पडल्यावर दिवस कलता घरी आल्या, तर भुऱ्या अंगणात धनुष्यासारखा ताणला होता. चारही पाय लाकूड झालेले, मान मागे, दात उघडे. जरा सैल पडायचा, गुणाबाईच्या हातातली टोपली खाली पडली तेवढ्या आवाजाने पुन्हा ताठ. विडी ओढून व्हावी तेवढ्या वेळात मेला.

कुंपणावर लगेच डोकी उगवली. जणू वाटच पाहत होती.

"पिसाळला! सांगतलं होतं!"

"आता हिची पाळी. बांधा हिले!"

सुकरी मात्र खाली बसली होती. काडीने कुत्र्याची ओकारी पसरवत होती. त्यात मांसाचे तुकडे होते आणि तुकड्यांत किसल्यासारखा करडा चुरा. तिने तो बोटावर घेतला, जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकली. तीनदा थुंकली.

"कुचला," ती म्हणाली. "कडू जहर. कोणी मटनात घालून देल्लं. हा पिसाळून नाई मेला. याले मारलं."

कुंपणावरची डोकी थोडी खाली गेली. लटारूभाऊ फाटकातून आत आला. खांद्यावर नवं घोंगडं, चेहरा नुकताच पूजा करून आल्यासारखा.

"मेला ना?" तो हळू म्हणाला. "सुटली तू. आता विख उतरन."

"कोणं घातलं?" मनकर्णाने विचारलं.

"मले ठाव नाई. पण ज्यानं कोणं घातलं, त्यानं तुया जीव वाचवला वो. माया शिकारीचा कुत्रा गेला, मी काई बोललो का? तुया भल्यासाठीच समज."

आणि सगळ्यात वाईट हे, की भल्याचं तो खोटं बोलत नव्हता. त्याचा विश्वास होता. लबाड माणूस एका वेळी एकाला बुडवतो. आपण भलं करतो अशी खात्री असलेला माणूस अख्खं गाव बुडवतो आणि वर घोंगडं पांघरून आशीर्वाद द्यायला येतो.

मनकर्णाने त्याच्याकडे पाठ केली. मग सुकरीला म्हणाली, "तू सांग. चांगला होता ना थो?"

"चांगला होता. मले वाटते, तुले काई नाई झालं."

"वाटते."

"हो. वाटते."

"आठ झाले," मनकर्णा म्हणाली. "दहा नाई झाले. डाक्तर बोल्ला, मेला त चांदा. मी जातो."

"मी येतो संगं," गुणाबाई म्हणाली.

"खळं मी पाह्यतो," सुकरी म्हणाली. "टोल्यावरचे दोघं आणून इथीच निजतो. एक दाणा जाणार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी सडकेवर उभ्या राहिल्या. मूल गावाहून चांद्याला जाणारी मोटार धुक्यातून दिवे लावून आली. पण त्या जाणार हा निरोप मोटारीच्या आधी लटारूभाऊकडे पोचला होता. सडकेच्या कडेला लटारूभाऊ आणि त्याची दोन माणसं शेकोटी करून बसली होती. त्यातला एक उठून कंडक्टरच्या कानाला लागला. कंडक्टरने दारात हात आडवा धरला.

"पिसाळलेली बाई मी नेत नाही. गाडीत लेकरं आहेत."

"कोण पिसाळली रे?" गुणाबाई ओरडली. गाडीतलं निजलेलं मूल जागं होऊन रडायला लागलं. "सुया टोचाले नेऊन राह्यली मी हिले! न्याचं नाई म्हणते? मंग जाऊन दाखव!" आणि ती पुढच्या चाकासमोर सडकेवर मांडी घालून बसली. दव पडलेल्या मातीवर, पदर खोचून. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. गुणाबाईने कमरेची पिशवी काढून तंबाखू मळायला घेतली.

"खरं का खोटं ते पाहून घेऊ," शेकोटीवरून लटारूभाऊचा मऊ आवाज आला. "पिसाळलेल्याले पाणी चालत नाई. घशात आवळते. पाणी पिऊन दाखवन त ने बाप्पा, कोण नाई म्हणते?"

सगळी गाडी खिडक्यांतून वाकली. कोणीतरी तांब्या पुढे केला, हात लांब करून, जणू वाघाला घास देतो. मनकर्णाने तो घेतला. रात्रभराच्या थंडीने गारठलेलं पाणी, दातांना कळ लावणारं. एक क्षण तिचा हात थांबला. तिलाही माहीत नव्हतं काय होईल, आणि हे न माहीत असणं तिच्या कपाळी आलेल्या गोष्टींपैकी सगळ्यात वाईट होतं. मग तिने डोकं मागे टाकलं आणि घोट घोट करत सगळा तांब्या रिकामा केला. शेवटचा घोट तोंडातच ठेवला, चार पावलं गेली आणि तो लटारूभाऊच्या शेकोटीत थुंकला. निखारे चरचरले.

"माया भल्याचं नाव पुन्हा तोंडात घेशीन," ती म्हणाली, "त दात पाडीन. मंग पिसाळलेली म्हणशीन त म्हण."

कंडक्टरने हात काढला. गुणाबाई धूळ झाडत उठली.

त्या चढल्या तेव्हा मधल्या बाकावरची माणसं उठून पलीकडे एकमेकांच्या मांडीवर बसली. दोघींना अख्खा बाक मिळाला. मनकर्णाने दुखरा पाय लांब केला. पाणी घशाखाली उतरलं, याचा अर्थ एवढाच होता की आज उतरलं. ते तिला कळत होतं. उद्याचं, परवाचं, महिन्यानंतरचं सांगणारा अंगणात ताठ होऊन मेला होता.

मोटार हलली. मनकर्णाने लुगड्यावरून पोट चाचपलं. दोन्ही बाजूंनी बरगड्या लागल्या.

"चौदा सुया कुठी टोचन वो थो? जागाच नाई."

"नाई पुरलं त मायं पोट हाय," गुणाबाई म्हणाली आणि तिच्यापुढे भाकरीचं फडकं सोडलं. "खाय. चांदा दूर हाय."